दारुड्याचा पार्ट आणि मेंदूचा फोटो

आमच्या झाडीपट्टीत धान खळ्यावर आलं की नाटकांचा हंगाम लागतो. ज्या गावी बैलांच्या शर्यतींचा शंकरपट, त्या गावी नाटक. आणि ज्या नाटकात मी, त्या नाटकात एक दारुडा. नाटक सामाजिक असो की कौटुंबिक, हिरोईन कितीही रडत असो, मध्येच एक दारुडा झोकांड्या देत आला पाहिजे. लेखकाला सुचला नसेल तर कंपनीचा मालक त्याला सुचवतो. तो दारुडा मी. गेली कितीतरी वर्षं मीच.

आणि मी पीत नाही. यात माझी थोरवी काही नाही, मला त्या वासानेच मळमळतं. पण हे कोणाला सांगायची सोय राहिलेली नाही. लोक म्हणतात, "वा भाऊ, पीत नाई म्हणता आणि इतकं हुबेहूब?" आणि डोळा मारतात. मी जितकं चांगलं काम करावं तितका माझ्यावरचा संशय पक्का होतो, असा हा धंदा आहे.

काम हुबेहूब होतं, कारण मी ते चोरलेलं आहे. बाजाराच्या कोपऱ्यावर उभं राहून मी पिणाऱ्यांच्या चाली पाहिल्या. नवे नट दारुडा करायचा म्हणजे नुसते डुलतात. खरा पिणारा डुलत नाही. तो डुलू नये म्हणून धडपडतो. समोरच्या एखाद्या खांबावर नजर खिळवतो, डोक्यावर पाण्याने भरलेला गुंड असल्यासारखा जपून पाऊल टाकतो, आणि खांब हाताशी आला की बोटभर चुकतो. लोक हसतात ते त्या बोटभर चुकण्याला. हे गुपित मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आणि याच गुपिताने पुढे माझं वाटोळं केलं.

गणपती नुकतेच उठले होते. सकाळी न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले, आणि जमीन बाजूला सरकली. मी भिंतीवर आदळलो, भिंतीवरून बादलीवर, आणि बादलीसकट खाली. बायको धावत आली.

"काऊन जी, काय झालं?"

"साबणावर घसरलो."

तिने पाहिलं. साबण साबणदाणीत होता.

मग तळपायांना काहीतरी झालं. फरशीवर चाललो तरी गादीवरून चालल्यासारखं वाटे. अंगणातली गिट्टी टोचेनाशी झाली. मला आधी ती प्रगती वाटली, तळवे टणक झाले म्हणून. एके दिवशी संध्याकाळी मी बाजारातून वांगी घेऊन घरी आलो. बायकोने पिशवी घेतली, माझ्याकडे खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "दुसरी चप्पल कुठी आहे?"

मी खाली पाहिलं. एका पायात चप्पल होती. दुसरी कुठे गळली याचा मला पत्ता नव्हता, आणि ती गळली आहे याचाही नव्हता. आता सांगा, एका चपलेने घरी येऊन जो म्हणतो की मला कळलंच नाही, त्याच्याबद्दल कोणतीही बाई काय समजेल? त्यात आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातली दारूबंदी उठलेली. आमच्या मूल गावात आता दारूची दुकानं उघडी. ती जवळ आली, माझ्या शर्टाची कॉलर नीट केल्यासारखं केलं आणि श्वास ओढला.

"काय वास घेऊन राह्यली?"

"वांग्याचा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून घरात शोधमोहीम लागली. मला ती दिसू नये अशा बेताने चालली होती, म्हणून मला जास्तच दिसली. तणसाच्या ढिगात काठी खुपसून झाली. धानाच्या ढोलीत हात कोपरापर्यंत घालून झाला. खोकल्याचं औषध उघडून हुंगलं गेलं. मी अंधारात उठलो की ती उठे. मी भिंत धरून चाललो की ती पाहे. मी भिंत सोडून चालायला जाई आणि पुन्हा भिंतीवर येई.

नाटकांच्या तालमी वडशाला. कंपन्यांचे बोर्ड सगळे तिथेच, एकाला लागून एक. मूलवरून गाडीत बसायचं आणि वडशाला उतरायचं, पण मध्ये जिल्हा बदलतो. वडसा गडचिरोलीत, तिथे बंदी अजून पक्की. त्यामुळे मूलकडून येणारा माणूस जरा उशिरा हसला तरी वडशाचे लोक त्याच्या पिशवीकडे पाहतात.

आमची तालीम कंपनीच्या ऑफिसमागे टिनाच्या शेडमध्ये चालते. खिडकी एक, तीही पोस्टरांच्या गठ्ठ्यांनी बुजलेली. त्या दुपारी माझी एन्ट्री होती. मी आलो, खांबावर नजर लावली, दोन पावलं टाकली, आणि लाइट गेली. खांब गेला. खांबाबरोबर जमीन गेली. मी डाव्या अंगाला जो कललो तो ऑक्टोपॅडवर पालथा. ऑक्टोपॅडला कुणीतरी बॅटरी लावलेली असावी, कारण माझ्या पोटाने त्यातून ढोल, झांज आणि कोंबडा आरवल्याचा आवाज एकदम काढला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिरोईन म्हणाली, "भाऊ, हे ठेवा, हे ठेवा! मस्त आहे!"

एक मालक तेवढा हसला नाही. लाइट आल्यावर तो खुर्चीवरून उठला, मला हात देऊन उभं केलं आणि तसाच कोपऱ्यात घेऊन गेला.

"भाऊ, खरं सांगा. घेऊन राह्यले का?"

"मालक, तुमची शपथ."

"माही काऊन घेता? तुमच्या पोराची घ्या."

मी घेतली. त्याचा चेहरा बदलला नाही. नटाच्या शपथेला या लाइनमध्ये किती किंमत असते हे त्याला आणि मला सारखंच ठाऊक होतं.

"हे पाहा," तो म्हणाला, "माह्या कंपनीत पिऊन स्टेजवर कोणी चढला तं गाव परत बोलावत नाई. बिमारी असन तं डॉक्टरचा कागद आणा. पीत असान तं तसं सांगा. तोवर तुमचा पार्ट मी याले देतो." आणि त्याने मानेने दाखवलं.

एक तरुण नट पोस्टरांच्या गठ्ठ्यावर बसला होता. त्याच्या हातात माझ्या पार्टाची वही होती. मी पडायच्या आधीपासून होती की नंतर दिली, हे मी आजही सांगू शकत नाही. गाडीत बसल्यावर मूल येईपर्यंत मी तेवढाच विचार करत होतो. पार्ट गेला तर माझ्याकडे दुसरं काय होतं? मी रोमँटिक नायकाचा चेहरा घेऊन जन्माला आलो नव्हतो, आणि आता खलनायकाच्या ढांगाही टाकता येत नव्हत्या.

घरी येऊन बायकोला म्हटलं, "डॉक्टरकडे जाऊ."

तिला वाटलं, मी कबूल झालो.

चंद्रपूरच्या डॉक्टरकडे मी जी चूक केली ती फक्त नटच करू शकतो. बाहेर बाकावर बसल्या बसल्या मला वाटू लागलं की आत गेल्यावर हा माणूस पहिल्यांदा काय पाहील? माझी चाल. आणि मी झोकांडी खाल्ली तर काय म्हणेल? तेच, जे सगळे म्हणतात. त्याला दिसायला हवा एक निर्व्यसनी, सज्जन, आजारी माणूस. तेव्हा दार उघडताच मी समोरच्या कॅलेंडरवर नजर ठेवली आणि पंधरा ऑगस्टच्या परेडला चालतात तसा खुर्चीपर्यंत गेलो.

"काय त्रास?"

"तोल जातो साहेब."

"चालून दाखवा."

मी चालून दाखवलं. कॅलेंडरपासून दारापर्यंत, दारापासून कॅलेंडरपर्यंत. आयुष्यभर जे दारुडे सोबर दिसायला धडपडतात त्यांची सगळी विद्या मी त्या खोलीत ओतली, आणि एक बोटभरही चुकलो नाही. डॉक्टर म्हणाला, "चाल तर छान आहे."

"घरी असे नाई चालत जी हे," बायको म्हणाली.

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नवराबायकोचं काहीतरी आहे, असं त्याच्या तोंडावर उमटलं. मग हळू आवाजात, "काही घेता का? म्हणजे रोज?"

"नाही!" मी इतक्या जोरात म्हणालो की बाहेरच्या बाकावरचे दोघं वाकून आत पाहू लागले.

त्याने बीपी पाहिलं, ते थोडं जास्त होतं. हातोडीने गुडघे ठोकले. माझ्या नजरेला नजर न देता बीपीची गोळी आणि खाली काहीतरी लिहिलं. मला ते आवडलं नाही. मी विचारलं, "साहेब, डोक्याचा फोटो काढावा लागन का?"

"तशी आज गरज वाटत नाही. पुढे बघू."

गरज नाही! हा काहीतरी लपवतोय, किंवा मला खोटा ठरवतोय, दोन्हीपैकी एक. माझ्या डोक्यात चक्र फिरलं. माणसं माझा वास घेतात, माझ्या शपथा तोलतात. मशीन काही वास घेणार नाही. मशीनसमोर अभिनय चालत नाही. जे आहे ते छापून देईल, आणि तो कागद मी मालकाच्या टेबलावर ठेवीन. मी हट्टच धरला. शेवटी त्याने थकून एमआरआय लिहून दिला.

सेंटरमधल्या माणसाने अंगावरचं लोखंड, चांदी, सगळं काढायला लावलं. अंगठी काढली. कमरेचा करदोडा काढला, त्यात चांदीचा मणी होता. "दात खरे आहेत ना? अंगात कुठे पट्टी, स्क्रू?" मी म्हटलं, स्क्रू ढिला आहे म्हणूनच आलो. तो हसला नाही. असे विनोद त्याने रोज ऐकले असणार. माझ्या आधी एटापल्लीकडचा एक ट्रकवाला आत जाऊन आला होता, डोकं धरून. त्याला पाहून ठेवलं. का, ते पुढे येईल.

डोक्यावर पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवलं, हातात रबराचा फुगा दिला. घाबरलात तर दाबा म्हणाला. हलू नका म्हणाला. मग जो आवाज सुरू झाला तो आमच्या मूलच्या राइस मिलचा आणि दगड फोडण्याचा एकत्र. आणि मी आत पडून काय केलं असेल? लोक अशा वेळी देवाला म्हणतात, काही निघू देऊ नको. मी म्हटलं, देवा, काहीतरी निघू दे. मोठं नको. मरण्याइतकं तर नकोच. पार्टापुरतं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला. बसमध्ये खिडकीशी बसून मी फिल्म उन्हात धरली. काळ्या पानावर माझं डोकं किती वेळा तरी चिरलेलं होतं, सीताफळ उभं-आडवं कापावं तसं. शेजारचा म्हातारा म्हणाला, "काय निघालं?" मी म्हटलं, "पाहून राह्यलो."

कागद इंग्रजीत होता, अडीच पानं. माझं इंग्रजी नाटकाच्या नावापुरतं, तरी शेवटचा भाग जाड अक्षरात असतो हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ मी बोट ठेवून ठेवून लावला. वयानुसार होणारे थोडे बदल. काही लहान पांढरे ठिपके, खास कशाचेच नाहीत असे. बाकी काही लक्षणीय नाही. आणि शेवटी एक ओळ, की हे रुग्णाच्या तपासणीशी ताडून पाहावं.

त्यातले "पांढरे ठिपके" मला दिसले आणि बाकीचं दिसेनासं झालं. ठिपके! मेंदूवर! मी बसमध्ये जवळजवळ उठून उभा राहिलो. बायकोला फोन केला.

"ठिपके निघाले!"

पलीकडे ती रडायला लागली.

"रडतेस काऊन? चांगलं झालं!"

"काय चांगलं झालं बाप्पा?"

तिला समजावेपर्यंत बसमधले चारपाच जण माझ्याकडे वळून पाहत होते. मेंदूवर ठिपके निघाले म्हणून आनंदाने ओरडणारा माणूस त्यांनी पूर्वी पाहिला नसावा.

तसाच वडशाला गेलो. मालकासमोर लिफाफा ठेवला. त्याने तो उघडला नाही. भाच्याला हाक मारली. भाचा ब्रह्मपुरीला औषधांच्या दुकानात असतो, त्या दिवशी मामाकडे जेवायला आलेला. त्याने हात पुसले, कागद वाचला, परत पहिल्या पानावर गेला, परत शेवटच्या.

"मामा, नॉर्मल आहे."

"आणि ठिपके?" मी विचारलं.

"ते या वयात कितीतरी लोकायच्या येतात काका. बीपी असन तं आणखी. त्यानं तोल जाईलच असं नाई."

मालक माझ्याकडे न पाहता म्हणाला, "म्हंजे मेंदू बरोबर आहे."

"हो."

"मंग हे पडते काऊन?"

भाच्याने कागद लिफाफ्यात घातला. शेडमधून कोणीतरी म्हणालं, "भाऊच्या मेंदूत काईच नाई निघालं म्हणते!" आणि हशा पिकला. चांगला पिकला. स्टेजवर इतका पिकला असता तर मी धन्य झालो असतो.

त्या आठवड्यात मी कोणावर संशय घेतला नाही? पहिला त्या ट्रकवाल्यावर. त्याचा फोटो माझ्या लिफाफ्यात आला असेल, आणि माझं खरं डोकं एटापल्लीला गेलं असेल. कागदावर नाव माझंच होतं, पण वय एका वर्षाने चुकलेलं. हे मी बायकोला पुरावा म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "तुमीच चुकीचं सांगितलं असन. जिथी तिथी एक वर्ष कमीच सांगता." दुसरा संशय मशीनवर, तिसरा डॉक्टरवर. चौथा बायकोवर, कारण ती फोनवर बोलताना मी आलो की "बरं, ठेवते" म्हणे. मी एकदा तिचा फोन पाहिला. मालकाचा नंबर होता, आणि विचारल्यावर तिने सगळं सांगून टाकलं. ते दोघं मिळून माझी चौकशी करत होते! ती सांगायची की बाटली सापडली नाही, तो म्हणायचा नीट पाहा.

आणि शेवटचा संशय, तोच जास्त वाईट, माझा माझ्यावर. फोटो साफ, मेंदू साफ. मग मी खरंच नाटक करतोय का? इतकी वर्षं एकच पार्ट करून तो पार्ट अंगात मुरला आणि आता निघत नाही, असं तर झालं नसेल? मी आरशासमोर उभा राहून स्वतःकडे पाहिलं. सरळ उभा होतो. डोळे मिटले. उघडले तेव्हा मी कपाटाला टेकलेलो होतो.

कपाटाच्या आवाजाने बायको आली. या वेळी तिने वास घेतला नाही. मला धरून खाटेवर बसवलं आणि म्हणाली, "ब्रह्मपुरीले नसांची डॉक्टरीण येते म्हणते. उद्या जाऊ. पण एक सांगून ठेवते. तिथी नाटक नाई करायचं."

तर चंद्रपूरचं माझं नाटक तिला कळलेलं होतं.

डॉक्टरीण तरुण होती. मी खुर्चीवर बसायच्या आत बायको म्हणाली, "मॅडम, हे नाटकातले नट आहेत. तुमच्यासमोर चांगले चालतीन. त्यायच्या चालण्यावर भरवसा ठेवू नका."

डॉक्टरीण हसली. "कोणता पार्ट करता काका?"

मी सांगितला. तिचं हसू जरा कमी झालं आणि मला तेही दिसलं.

मी चाललो. खरं सांगतो, सवयीने नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेलीच. तिने मला थांबवलं, पाय जोडून उभं राहायला सांगितलं, आणि म्हणाली, "डोळे मिटा." मी मिटले. म्हणजे एक मिटला आणि दुसरा फटीइतका उघडा ठेवला. तिने पुढे होऊन तळहात माझ्या डोळ्यांवर ठेवला. त्यानंतरचं मला एवढंच आठवतं की बायकोने कंबर धरली होती आणि डॉक्टरीण म्हणत होती, "धरलंय, धरलंय."

मग तिने एक लोखंडी चिमटा वाजवला, दोन टोकांचा, सूर लावायचा असतो तसा, आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "थरथर जाणवते?"

"हो," मी म्हणालो. आजारी ठरायला आलो होतो, तरी नापास व्हायची लाज कोणाला नसते?

"मी थांबवलाय तो काका. खरं सांगा."

खरं सांगितलं. अंगठ्यावर काही नाही, घोट्यावर काही नाही, गुडघ्यावर पुसट. हनुवटीवर लावला तेव्हा दात वाजल्यासारखं झालं. माझे पाय माझ्यापासून किती दूर गेले होते ते मला त्या क्षणी कळलं. बायकोने विचारलं, "म्हंजे खरंच बिमारी आहे?"

"खरीच आहे."

मी रिपोर्टाचा लिफाफा पुढे सरकवला. "मॅडम, यात तं काहीच नाही म्हणते."

तिने फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली, पेटी उजळली. तिने दाखवलं. हा मागचा फुलकोबीसारखा भाग, लहान मेंदू. तोल सांभाळतो. हा ठीक आहे. ही इथून कानाकडे जाणारी नस, हिच्यावर गाठ आली तरी तोल जातो, नाहीये. इथे रक्तपुरवठा अडल्याची खूण नाहीये. हे ठिपके म्हणजे डोक्यावर केस पांढरे होतात तसे. बीपीची गोळी चुकवू नका. आणि हे शेवटचं वाक्य, तपासणीशी ताडून पाहा, ते तुमच्यासाठी नाही. ते माझ्यासाठी लिहिलंय. म्हणजे, फोटोवर विसंबू नका, माणूस पाहा.

"मंग फोटो वाया गेला?"

"वाया का जाईल? मोठ्या गोष्टी नाहीत हे कळलं ना. पण फोटो डोक्याचा काढला काका, आणि बिघाड खालून येणाऱ्या निरोपात आहे. उभं राहायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते: डोळे, कान आणि तळपाय. तुमचे तळपाय बोलायचे बंद झालेत. सगळा भार डोळ्यांवर आलाय. म्हणून साबण लावला की पडता, लाइट गेली की पडता. दिसत असलं की चालता."

मी चंद्रपूरच्या त्या कॅलेंडरबद्दल सांगितलं. ती हसली नाही. "त्यांना तुम्ही दाखवलंच नाही," एवढंच म्हणाली, आणि कागद ओढून घेतला. "रोज काय घेता?"

"काही घेत नाही मॅडम! किती वेळा सांगू?"

"अजी, गोळी विचारून राह्यल्या त्या," बायको म्हणाली. "पित्ताची घेतात. दररोज उठल्या उठल्या. नाटकात कामं करायला लागले तेव्हापासून."

"आणि अंडी, मटण?"

"सोडून लय वर्षं झाली."

डॉक्टरीणबाईंनी रक्त काढायला पाठवलं. बी-बारा नावाचं एक जीवनसत्त्व असतं, नसांना लागणारं. माझ्या रक्तात ते जवळजवळ संपलेलं निघालं. जेवणातून येत नव्हतं, आणि जे थोडं दुधातून येई ते अंगी लागायला त्या गोळ्या आड येत. इंजेक्शनं सुरू झाली. किती सुधारेल? तिने सरळ सांगितलं, बरंच सुधारेल, सगळं सुधारेल असं नाही, महिने लागतील. अंधारात एकटं चालायचं नाही. न्हाणीत खुर्ची ठेवायची.

"मॅडम, एक लिहून द्या," मी निघताना म्हणालो. "की हा माणूस पीत नाही."

"ते मी कसं लिहू काका? दारूनेही नसा जातात. तुमचं लिव्हर ठीक आलंय, एवढं लिहिते."

म्हणजे तिनेही तपासून घेतलं होतं! पण मी रागावलो नाही. बरं वाटलं. माझ्यावर संशय घेऊनही तिने मला आजारी ठरवलं, तर तो आजार पक्का म्हणायचा.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा मी काठी घेऊन वडशाला गेलो. बायको बरोबर. मालकाने कागद स्वतः वाचला, लिव्हरची ओळ दोनदा वाचली. मग म्हणाला, "चुकलं माहं भाऊ." आणि लगेच, "एन्ट्री करून दाखवा."

शेड उजेडाची होती. मी काठी बाजूला ठेवली आणि दारुड्याची एन्ट्री केली. कोणी हसलं नाही. मी परत केली. हिरोईन माझ्या कोपराजवळ येऊन उभी राहिली, धरायला. तेव्हा मला उमगलं. तोल जातोय असं दाखवायचं तर तोल पुरता ताब्यात लागतो. खांब बोटभर चुकवायचा म्हणजे तो बिनचूक कुठे आहे ते पायांना माहीत हवं. माझ्या पायांना आता काहीच माहीत नव्हतं. मी खरा डुलत होतो, आणि खऱ्या डुलण्याकडे पाहून लोकांना भीती वाटते.

तरुण नट गठ्ठ्यावरून उठला. वही त्याच्या काखेत होतीच. मी म्हणालो, "मालक, याले द्या. माह्याच्यानं नाई होत."

मालक ऑफिसात गेला आणि दोन माणसांकडून एक बाज उचलून आणवली, शेडच्या मधोमध ठेववली. "दारुडा एन्ट्री करन कशाले?" तो म्हणाला. "पडदा उघडला की दारुडा इथी पडलेलाच आहे. पिऊन पडलेला माणूस जाते कुठी? बाकीचे त्याच्याजवळ येतीन. तुमी पडूनच बोला."

मी त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी येण्याजोगा प्रसंग होता, आणि नेमक्या अशाच प्रसंगी माझा संशय जागा होतो.

"मालक, दया करून राह्यले का?"

"दया?" तो भडकला. "बॅनर छापून आले ना! भाऊबीजेपासूनच्या सगळ्या तारखायचे. मधोमध तुमचं थोबाड आहे, हिरोपेक्षा मोठं. आता ते काय दुसऱ्याच्या धडावर चिटकवू?"

हे मला पटलं. दयेवर माझा भरवसा बसला नसता. छापून आलेल्या बॅनरवर बसला.

बायको शेडच्या दारात टेकून उभी होती. तिने डोळ्यांनी खूण केली, जा. मी बाजेजवळ गेलो, गादीवर हात ठेवून दाबून पाहिली. बाज हलली.

"मालक, हिचा एक पाय आखूड आहे."

"चालते हो भाऊ, पडा तुमी."

मी पडलो नाही. बायकोला सांगून बाहेरून विटेचा तुकडा आणवला, खाली वाकून तो पायाखाली सरकवला, चारही कोपरे हलवून पाहिले, आणि मगच पडलो.